पाळीत रक्त नेमकं किती जातं आणि घरच्या घरी ते कसं मोजायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, "पाळीत किती जातं?" उत्तरं दोनच ठरलेली: "लई जातं" नाहीतर "जातं तेवढंच जातं." दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात आणि दोन्हींवरून रक्ताचा अंदाज करता येत नाही. कारण प्रत्येक बाई स्वतःची पाळी ताडून बघते ती आईशी, बहिणीशी, फार तर जावेशी. घरात सगळ्यांनाच जास्त जात असेल, तर तेच नेहमीचं वाटतं.

हे केवळ तर्काने म्हटलेलं नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७६ बायकांचं पाळीतलं रक्त प्रयोगशाळेत मोजलं आणि १९६६ मध्ये ते आकडे छापले. 'नॉर्मल पाळी किती' याचं उत्तर आजही त्याच मोजणीवर उभं आहे. ६० मिलीपेक्षा कमी रक्त जाणाऱ्यांपैकी साधारण पाव जणींना आपल्याला जास्त जातं असं वाटत होतं. उलट ८० मिलीच्या वर जाणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के जणी म्हणत होत्या, मध्यम आहे किंवा कमीच आहे. काळजी करायची ती या दुसऱ्या गटाची, कारण ही बाई तक्रार घेऊन कधी येतच नाही. ती येते ते दम लागतो, पायात गोळे येतात, केस गळतात असं सांगत.

म्हणून मोजायचं. दोन पाळ्या नीट मोजल्या आणि सोबत रक्ताची एक तपासणी केली, तर बहुतेक प्रश्नांची उत्तरं मिळतात.

आकडे काय सांगतात

निरोगी बाईचं एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं. औषधाच्या बाटलीसोबत येणारा ५ मिलीचा चमचा घेतला तर सहा ते आठ चमचे, तेही सगळ्या दिवसांचे मिळून. कपड्यावर, फरशीवर, बाथरूममध्ये ते कितीतरी जास्त दिसतं, कारण रक्त पसरतं आणि पाण्यात थोडं मिसळलं तरी पाणी लालभडक होतं. गोथेनबर्गच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात लोह पुरेसं होतं अशा धडधाकट बायका वेगळ्या काढल्या, तेव्हा शंभरातल्या ९५ जणींचं रक्त ७६ मिलीच्या आत होतं. त्यावरून पुढे ८० मिली ही हद्द रूढ झाली.

या रक्तापैकी सुमारे ९० टक्के पहिल्या तीन दिवसांतच जातं. पाचव्या-सहाव्या दिवशी नुसता डाग दिसत राहिला, तर दिवस वाढतात पण रक्त फारसं वाढत नाही. 'सात दिवस चालते म्हणजे जास्तच' असं म्हणूनच म्हणता येत नाही, आणि 'तीनच दिवसांत उरकते' म्हणून निर्धास्तही राहता येत नाही.

दिवसांचं गणित वेगळं. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०१८ मध्ये ठरवलेल्या मापानुसार, एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव जास्तीत जास्त ८ दिवस, हे नेहमीचं. बरोब्बर २८ दिवसांनीच आली पाहिजे असं काही नाही. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन वर्षं अंतर मागेपुढे होतं, ४५ दिवसांपर्यंतही जातं.

८० मिलीच का?

हा आकडा हवेतून आलेला नाही, तो लोहाच्या हिशेबातून आला आहे. हिमोग्लोबिन १२ असेल तर १ मिली रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ४० मिली रक्त गेलं की १६ मिलिग्रॅम लोह गेलं, ८० मिली गेलं की सुमारे ३३. महिन्यावर वाटलं तर पहिल्या बाईचं रोजचं नुकसान ०.६ मिलिग्रॅम, दुसरीचं १.२. यात कातडी आणि आतड्यांतून रोज झडणारं सुमारे ०.८ मिलिग्रॅम मिळवा. एकीला रोज १.४ मिलिग्रॅम लोह हवं, दुसरीला २.

आता जमेची बाजू. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, पालेभाजी, उडदाची किंवा तुरीची डाळ असं नीट जेवण असेल तर दिवसाला २० मिलिग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाऊ शकतं. पण धान्य-डाळीतलं लोह शरीर पुरतं शोषून घेत नाही. शंभरातलं ५ ते ८ भागच रक्तापर्यंत पोचतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याहून कमी. म्हणजे हाती येतं १ ते १.६ मिलिग्रॅम. पहिल्या बाईचं त्यात कसंबसं भागतं. दुसरीला रोज ०.४ मिलिग्रॅम तरी कमी पडतं, वर्षाला दीडशेच्या जवळपास. बाईच्या शरीरात लोहाचा साठा बरा असला तरी ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. दोन-तीन वर्षांत तो तळाला जातो. साठा कमी झाला की आतडं थोडं जास्त लोह ओढायला लागतं, त्यामुळे घसरण हळू होते. हळू होते म्हणूनच ती लक्षात येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी सापडलं. याला कारणं अनेक आहेत, पण पाळीतून जाणाऱ्या रक्ताचा प्रश्न त्यांना क्वचितच विचारला जातो.

प्रयोगशाळेत कसं मोजतात

वापरलेले सगळे पॅड गोळा करतात आणि ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं त्यात अल्कलाइन हिमॅटिन होतं आणि द्रावणाला तपकिरी-हिरवट रंग येतो. त्या द्रावणातून प्रकाश सोडून रंग किती गडद आहे ते यंत्रावर वाचतात. त्याच बाईच्या हातातून काढलेल्या मोजून घेतलेल्या रक्तावर हीच क्रिया करून दोन्ही आकडे ताडतात, कारण हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचं रक्त मुळात फिकं. दुसरीच्या रक्ताशी तुलना केली तर तिचा आकडा खोटा कमी येईल. पद्धत अचूक आहे, पण ती संशोधनापुरतीच वापरली जाते. जळगाव-धुळ्याच्या लॅबमध्ये जाऊन ही तपासणी मागू नका, ती तिथे होत नाही.

याच मोजण्यांतून आणखी एक गोष्ट कळली. पाळीत जे बाहेर पडतं ते सगळं रक्त नसतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे तुकडे, चिकट स्राव, पेशींमधलं पाणी असं सगळं मिसळलेलं असतं. त्यात रक्ताचा वाटा सरासरी एक तृतीयांश ते निम्मा, आणि बाईगणिक त्यात बराच फरक. म्हणजे कपमध्ये ८० मिली भरलं तर ८० मिली रक्त गेलं असं होत नाही.

घरची पहिली पद्धत: डाग बघून गुण देणं

ब्रिटनमध्ये १९९० साली हिगम आणि सहकाऱ्यांनी एक तक्ता केला. तो आजही डॉक्टर वापरतात. खर्च काही नाही, वही आणि पेन पुरे. प्रत्येक पॅड बदलताना तो कितपत भिजला ते बघायचं. नुसता डाग असेल तर १ गुण, मध्यभाग बऱ्यापैकी भिजला असेल पण कडा कोरड्या असतील तर ५, कडेपर्यंत गच्च भिजला असेल तर २०. रक्ताची लहान गाठ पडली तर १, मोठी पडली तर ५. कपडा ओला होईल किंवा पायावर ओघळ येईल इतकं एकदम गेलं तर तेही बाजूला लिहून ठेवायचं. शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करायची. बेरीज १०० च्या वर गेली तर रक्त ८० मिलीच्या वर जात असण्याची शक्यता मोठी.

एक उदाहरण करून बघू. पहिल्या दिवशी एक डागाचा पॅड आणि दोन अर्धे भिजलेले: ११. दुसऱ्या दिवशी दोन गच्च, दोन अर्धे आणि दोन लहान गाठी: ५२. तिसऱ्या दिवशी तीन अर्धे, एक डागाचा: १६. चौथ्या दिवशी दोन डागाचे, पाचव्या दिवशी एक: मिळून ३. बेरीज ८२. पाळी अंगावर भारी वाटेल, पण हद्दीच्या आत आहे. याच बाईला दुसऱ्या दिवशी आणखी एक गच्च पॅड लागला आणि एक मोठी गाठ पडली, तर बेरीज १०७ होते. दोन पाळ्यांत मिळून चित्र काय दिसतं ते बघायचं, एकाच पाळीवरून निकाल लावायचा नाही.

तक्ता चुकतो कुठे? पहिलं, तो त्या काळच्या जाड, कापसाच्या पॅडवर बसवलेला आहे. आताच्या पातळ पॅडमध्ये ओल धरून ठेवणारी जेलची पूड असते. ती ओल आत ओढून घेते आणि वरून डाग लहान दिसतो. रात्रीचा लांब पॅड गच्च होणं आणि साधा पॅड गच्च होणं यातही फरक. म्हणून मोजणीच्या दोन्ही पाळ्यांत एकाच कंपनीचा, एकाच मापाचा पॅड वापरा. दुसरं, १०० ही रेष काही दगडावरची नाही. काही संशोधकांनी ती १८५ वर ओढली आहे. ९५ आणि १०५ यांत फरक करत बसू नका. ४० आणि २४० मधला फरक मात्र कोणत्याही पॅडवर कळतो. तिसरं, गुण त्याच वेळी लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेले गुण कमी-जास्त होतातच.

पॅड मोजणं म्हणजे रक्त मोजणं नव्हे

"दिवसाला किती पॅड लागतात?" या एका प्रश्नावर विसंबणं हीच सगळ्यात मोठी चूक. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात गेलेली बाई संध्याकाळी घरी येईपर्यंत बदलू शकत नाही. आडोसा नसतो, पाणी नसतं, वापरलेलं टाकायचं कुठे हा प्रश्न असतो. ती दिवसभर एकच पॅड, वर कापड, त्यावर आणखी एक घडी असं चालवते आणि विचारलं तर सांगते, दोनच लागतात. तिचे दोन पॅड ४० गुणांचे असतात. शहरात घरी असणारी बाई दर दोन-तीन तासांनी स्वच्छतेसाठी बदलते, सहा पॅड लागतात आणि बेरीज जेमतेम १० होते. म्हणून पॅडची संख्या लिहिताना प्रत्येक पॅड किती भिजला हेही लिहायचं आणि किती तासांनी बदलला हेही. एक पॅड तासाभरात गच्च होणं आणि आठ तासांत गच्च होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजन करून मोजणं

डाग बघण्यापेक्षा वजन जास्त भरवशाचं. त्यासाठी जळगावच्या सराफाइतका बारीक काटा लागत नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो, फक्त त्याचं ताट झाकायला प्लास्टिकची पिशवी ठेवा. पुडक्यातला एक कोरा पॅड, कागद काढून, त्या छोट्या पिशवीसकट तोला आणि लिहून ठेवा. वापरलेला पॅड काढल्याबरोबर तशाच पिशवीत घालून तोंड बांधा आणि तोला. दोन्ही वजनांतला फरक ग्रॅममध्ये जितका, तितके मिली स्राव समजायला हरकत नाही. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड असलं तरी फरक नगण्य आहे. सगळ्या दिवसांची बेरीज केली की एकूण स्राव मिळतो. त्यातलं निम्मं किंवा त्याहून कमी रक्त. बेरीज ६०-७० ग्रॅम आली तर काळजीचं कारण नाही. १५० च्या पुढे गेली तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

इथे चुका तीन प्रकारच्या होतात. एप्रिल-मे मध्ये भुसावळकडचं ऊन ४४-४५ अंशांवर जातं. पॅड उघडा राहिला तर तासाभरात ओल उडून वजन घटतं, म्हणून पिशवी लगेच बांधायची. उलट बाजूने घाम आणि लघवीचे थेंब वजन वाढवतात. खोकताना लघवी सुटत असेल तर वजनाची पद्धत सोडून द्या, आकडे फसवतील. आणि कापड वापरत असाल तर ते आधी कडकडीत उन्हात वाळवून तोला. कापसाला ओल धरली की वजन वाढतं हे खान्देशात कुणाला नव्याने सांगायला नको. पावसाळ्यात दोरीवर दमट राहिलेलं ६० ग्रॅमचं फडकं कोरं असतानाच चार-पाच ग्रॅम जास्त भरतं, आणि तेवढ्याने हिशेब बिघडतो.

मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचं काम सगळ्यात सोपं. बहुतेक कप १५ ते ३० मिलीचे असतात, आतून-बाहेरून खुणा असतात. कप काढल्यावर सरळ धरून, डोळ्यांच्या रेषेत आणून खूण वाचा, मग ओता, मग धुवा. आधी पाणी घातलं की आकडा गेला. खुणा नसतील तर औषधाच्या मापाच्या झाकणात ओतून मोजा, आणि ते झाकण पुन्हा औषधाला वापरू नका. कप बारा तासांपेक्षा जास्त आत ठेवायचा नाही. तांबी बसवलेली असेल तर कप काढताना आधी बुड चिमटीत दाबून हवा सोडा. तसाच ओढला तर तांबीचा दोरा ओढला जाऊन ती सरकू शकते.

पॅडच्या पाकिटावर लिहिलेल्या क्षमतेवर मोजणी बेतू नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पॅड, टॅम्पॉन, कप अशी उत्पादनं प्रत्यक्ष मानवी रक्त वापरून तपासली, तेव्हा पाकिटावरचा दावा आणि खरी क्षमता यांत बरीच तफावत निघाली. कंपन्यांच्या चाचणीत वापरलं जाणारं मिठाचं पाणी पातळ असतं, रक्त दाट. जेलमध्ये दोन्ही सारखी शोषली जात नाहीत.

गाठी का पडतात

पाळीचं रक्त एरवी पातळच वाहतं, कारण गर्भाशयाचं अस्तर गुठळ्या विरघळवणारी द्रव्यं सोडतं. प्रवाह इतका जोरात असला की विरघळायला वेळच मिळत नाही, तेव्हा गाठी बाहेर पडतात. सकाळी उठल्यावर एखादी लहान गाठ दिसणं नेहमीचं आहे. रात्रभर रक्त योनीमार्गात साचून राहिलेलं असतं. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. त्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ वारंवार पडत असेल तर ती लिहून ठेवण्याची आणि दाखवण्याची गोष्ट आहे.

कमी जातं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी

आपल्याकडे उलटी भीतीही तितकीच आहे: "पाळी मोकळी होत नाही, घाण आत साठते." पाळीचं रक्त घाण नसतं आणि ते आत साठून डोक्यात किंवा डोळ्यांत चढत नाही. अस्तर जेवढं वाढलं तेवढंच पडतं. कमी वाढलं तर कमी पडतं. काळपट रंग म्हणजे ते हळू वाहिलं आणि वाटेत हवेशी संपर्क येऊन गडद झालं, एवढाच अर्थ. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने कित्येकींची पाळी तुरळक होते किंवा थांबते, कारण औषधामुळे अस्तरच पातळ राहतं. रक्त साठतंय या समजुतीने इंजेक्शन सोडणाऱ्या बायका बऱ्याच आहेत आणि त्यातून नको असताना दिवस जातात. मात्र कोणतंही औषध चालू नसताना पाळी अचानक अगदी कमी झाली किंवा चुकली, तर पहिल्यांदा गरोदरपणाची तपासणी करा.

तपासणीला जाताना

वही घेऊन जा. सोबत हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा आकडा. तो हिमोग्लोबिनच्या कितीतरी आधी घसरतो आणि १५ च्या खाली गेला म्हणजे साठा संपला. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं येतं, तेव्हा बरं वाटल्यावरच करा. बोटातून रक्त घेताना बोट फार पिळलं तर पेशीतलं पाणी मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसतं. शंका वाटली तर शिरेतून काढलेल्या रक्तावर तपासणी मागा.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आणि एकूण सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार आढळतो. तिथे हिमोग्लोबिन कमी निघालं की पाळीवर बोट ठेवण्याआधी सिकलसेलची साधी चाचणी आणि लागल्यास इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारी तपासणी) करून घ्यायलाच हवं. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच जास्त असू शकतं. अशा बाईला फेरिटिन न बघता लोहाच्या गोळ्या चालू करणं चुकीचं.

जास्त रक्त जाण्यामागे गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरातला पॉलिप (मांसल कोंब), थायरॉइडचा बिघाड, तांबी, काही वेळा रक्त गोठण्यातला जन्मजात दोष अशी कारणं असतात. पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल आणि सोबत नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, तर हा शेवटचा दोष डॉक्टरांना आठवणीने सांगा. दोन तास सलग दर तासाला पॅड गच्च होत असेल, चक्कर येत असेल, किंवा पाळी चुकून मग जोरात रक्त सुरू झालं असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर ते थेंबभर असलं तरी दाखवायचं. तिथे मिलीचा हिशेब लागू नाही.

गर्भाशयाची पिशवी काढण्याचा सल्ला कुणी दिला असेल, तर त्याआधी वहीतली बेरीज, फेरिटिन आणि सोनोग्राफी हे तिन्ही समोर ठेवून बोला. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या गुठळ्या विरघळण्याची क्रिया आवरतात आणि पाळीतलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी करतात. हार्मोन सोडणारी तांबी त्याहूनही जास्त. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेली असेल तर ट्रानेक्झॅमिक घ्यायची नाही, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. औषध सुरू झाल्यावर पुढच्या दोन पाळ्या त्याच मापाच्या पॅडवर पुन्हा मोजा, म्हणजे १६० वरून ७० वर आलं की १४० वरच अडलंय ते कळेल. लोहाची गोळी चहापासून निदान तासभर लांब ठेवा, लिंबाच्या पाण्यासोबत घ्या, आणि हिमोग्लोबिन १२ वर आलं म्हणून लगेच बंद करू नका. साठा भरायला त्यापुढे आणखी तीन महिने लागतात.